ऑनलाइन इलेक्ट्रिक गिटार: अकरा महिन्यांनंतरचा हिशेब

मागच्या गणपतीनंतर मी सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली. वय त्रेचाळीस, घर डोंबिवलीत, ऑफिस अंधेरीला. दादरला गाडी बदलून घरी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजतात, त्यामुळे सातच्या क्लासचा प्रश्नच नव्हता. ऑनलाइनच शिकायचं ठरलं. तेव्हापासून चार प्रकार वापरून झाले: एक फुकटची वेबसाइट, एक ॲप, एका बड्या परदेशी प्लॅटफॉर्मची वर्षाची वर्गणी आणि गेले साडेपाच महिने दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवणारे सर. हा अनुभव माझ्यासारख्यांसाठी लिहितोय. लहानपणी पेटीवर थोडं बोट फिरलेलं, गिटार मात्र शून्य.

सुरुवात जस्टिन गिटारपासून केली. जस्टिन सँडरको हा मूळचा टास्मानियाचा माणूस, २००३ पासून त्याची साइट चालू आहे आणि वेबसाइटवरचा पायाचा कोर्स फुकट आहे. फुकट म्हणून गेलो आणि इतका नीट क्रम पाहून थक्क झालो. एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांचा गट) किती वेळा अदलाबदल होते ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, हा त्याचा व्यायाम मी अजून करतो. ए आणि डी या जोडीत पहिल्या दिवशी माझे अकरा झाले होते, महिन्याने बेचाळीस. ज्याला पैसे न घालवता आपल्याला हे झेपतंय का बघायचंय, त्याने दोन महिने इथेच काढावेत. त्याआधी कुठेही कार्ड काढू नये.

माझं मन मात्र थोड्याच आठवड्यांत चळलं. मला सोलो वाजवायचे होते. म्हणून एक ॲप घेतलं, पैसे भरून. मोबाइलच्या माइकने ते आपलं वाजवणं ऐकतं, पडद्यावर सुरांचे ठिपके सरकत येतात, बरोबर वाजलं की हिरवं, चुकलं की लाल. व्यसन लागावं असं आहे ते. रात्री दहाला बसलो की पाऊण तास कुठे जातो कळत नाही. दिवाळीपर्यंत माझ्या खात्यात तारेच तारे जमले होते.

दिवाळीला भाचा आला. तो कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो. मी कौतुकाने ॲपवरचा एक धडा वाजवून दाखवला, नव्वद टक्क्यांच्या वर हिरवा. त्याने काही न बोलता ॲम्पचं गेनचं, म्हणजे आवाज फाटका-खरखरीत करणारं, बटण अर्ध्याच्या पुढे फिरवलं आणि म्हणाला, "आता वाजव." वाजवलं. तीच बोटं, तेच सूर, पण आवाज असा की भांड्यांची मांडणी कोसळतेय. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. एवढंच म्हणाला, "मामा, एकच तार छेडतोयस ना? मग बाकीच्या का बोलतायत?"

इलेक्ट्रिक गिटारचं खरं दुखणं हे आहे. गेन वाढवून डिस्टॉर्शन, म्हणजे तो फाटका आवाज, लावलं की बारीकसारीक आवाजही मोठ्या आवाजाच्या बरोबरीला येऊन बसतात. शेजारची तार बोट उचलताना जराशी हलली तरी ती गुरगुरते. त्यामुळे एक तार वाजवणं हे अर्धं काम, उरलेल्या पाच गप्प बसवणं हे दुसरं अर्धं. तिसरी तार वाजवताना चौथी, पाचवी, सहावी उजव्या तळहाताच्या कडेने दाबायची आणि पहिली-दुसरी डाव्या तर्जनीच्या पोटाने नुसती शिवून ठेवायची. सांगायला दोन ओळी, अंगात मुरायला महिने. माझ्या ॲपने मी वाजवलेला सूर ऐकला आणि हिरवा टिळा लावला. मागे काय घरघरतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तोपर्यंत ही गोष्ट मला एकदाही सांगितली गेली नाही, कारण मी ती चुकवतोय हे कोणाला ऐकूच येत नव्हतं.

भाचा गेल्यावर मी नेहमीची चूक केली: शिकवणारा बदलण्याऐवजी मोठं दुकान गाठलं. परदेशी प्लॅटफॉर्म, हजारो धडे, नामवंत वादक, सणाची सवलत. नाव घेत नाही. धडे उत्तम होते, यात खोट नाही. खोट माझ्या वापरात होती. जाताना लोकलमध्ये धडे बघायचे, येताना लोकलमध्ये धडे बघायचे. व्हायब्रॅटोवर, म्हणजे सूर थरथरवण्यावर, मी बहुधा चौदा व्हिडिओ पाहिले असतील, आणि बोट अजून लाकडाचंच. पोहण्याचे व्हिडिओ बघून कोणी तरत नाही, पण ऐन गर्दीत एक हात वरच्या दांडीला असताना आपण काहीतरी शिकतोय असं वाटतं खरं.

त्यांच्याबद्दल तक्रार एकच, आणि ती पैशांची. महिन्याची म्हणून घेतलेली चाचणी चेकआउटच्या पानावर वर्षाची झाली, तिथली आधीच खूण केलेली छोटी चौकट मी पाहिली नाही. पैसे परत मागितले तर तीन दिवस यंत्रमानवाशी गप्पा. शेवटी नाहीच मिळाले. पुढच्या वर्षीची वसुली मात्र बँकेच्या ॲपमधून रद्द करता आली. २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना किमान चोवीस तास आधी येते आणि तो ई-मँडेट, म्हणजे वसुलीला दिलेली परवानगी, आपण बँकेकडूनच बंद करू शकतो. वर्गणी घेतल्या दिवशीच हे पान शोधून ठेवा. त्या मंडळींची "तुमची आठवण येते" अशी पत्रं मला अजून येतात.

मग सर. तीन जणांकडे चाचणीचा तास घेतला, तिन्हीचे पैसे दिले. पहिल्याने चाळीसपैकी पंचवीस मिनिटं स्वतःच वाजवलं. फार सुंदर वाजवलं. दुसऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत ग्रेडची गोष्ट काढली. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या रॉक अँड पॉप परीक्षा इनिशिअलपासून आठव्या ग्रेडपर्यंत असतात, पोरांना त्याने शिस्त लागते, पण मला त्रेचाळिसाव्या वर्षी प्रमाणपत्र फ्रेम करून कुठे लावायचंय? तिसरा कोल्हापूरचा, माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. मी वाजवायला लागलो आणि दहाव्या सेकंदाला थांबवलं: "दादा, कॅमेरा जरा उजव्या हातावर आणा की. आवाज तिथनं येतोय."

उशांवर टेकवलेला मोबाइल मी खाली सरकवला. त्याने पुन्हा तेच चार सूर वाजवायला लावले, मग फक्त दोन, मग एकच. मग म्हणाला, "सूर वाजवून झाल्यावर हात कुठं जातोय बघा." पाहिलं. प्रत्येक सुरानंतर माझा पंजा तारांवरून दोन इंच हवेत उडत होता, हार्मोनियमच्या भात्यावर असल्यासारखा. खालच्या तिन्ही तारा मोकाट. त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटांत एकही नवीन सूर शिकलो नाही. मी त्याच संध्याकाळी आठ तासांचे पैसे पाठवले. मी त्यांना सर म्हणतो, ते मला दादा म्हणतात, तसंच चाललंय.

ऑनलाइन तासाच्या तांत्रिक कटकटी मात्र आधीच सोडवून घ्याव्यात. व्हिडिओ कॉलची ॲप बोलण्यासाठी बनवलेली असतात, त्यामुळे लांबवलेला सूर त्यांना पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि ती तो गिळून टाकतात. पहिल्या तासाला सरांना माझा सूर सुरू झालेला ऐकू यायचा, मग शांतता. झूममध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" नावाची सोय आहे, ती चालू केल्यावर गिटार गिटारसारखी पोहोचली. दुसरं, ब्लूटूथ हेडफोन. लॅपटॉपमधून स्वतःची गिटार त्यावर ऐकत होतो आणि पाव सेकंदाच्या आसपास उशिरा ऐकू येत होती. महिनाभर मी स्वतःला तालाचा आंधळा समजत होतो. तारेचा हेडफोन लावला आणि लय जागेवर आली. आणि एक गोष्ट सुटतच नाही: दोघांनी एकाच वेळी वाजवणं. आवाज पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे आधी ते, मग मी. जुगलबंदी विसरा. सर बॅकिंग ट्रॅक, म्हणजे रेकॉर्ड केलेली साथ, आधी पाठवतात, तो मी माझ्याकडे लावून वाजवतो, ते ऐकतात.

आता बेंडिंगबद्दल, म्हणजे तार ढकलून सूर चढवण्याबद्दल, कारण इथे मला आपल्या संगीताचा फायदा झाला. ए मायनर पेंटॅटॉनिक म्हणून जी पाच सुरांची पट्टी सगळे कोर्स सर्वांत आधी शिकवतात, तिचे सूर म्हणजे पांढरी सहाला सा धरून सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागाचेच. पेटीच्या बाईंनी दहाव्या वर्षी शिकवलेला. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) म मिळतो, तो तसाच दाबून तार वर ढकलत प पर्यंत न्यायची. सतारीवरची मींडच ती. मी नेत होतो आणि कायम कणभर खाली राहत होतो. ॲप त्याला हिरवं म्हणायचं. सर म्हणाले, "आधी नवव्या फ्रेटला प वाजवा, तोंडानं गा, मग म वरनं ओढत तिथं जा." घरात रात्री अकराला "म... प" म्हणताना ऐकून बायको दार ढकलून बघून गेली. पण तीन आठवड्यांत कान जागे झाले. बेसूर असेल तर आता मलाच कळतं.

त्याच सुमारास सरांनी विचारलं, तारा कुठल्या? मला माहीतच नव्हतं. दहा-शेहेचाळीसचा (हे तारांच्या जाडीचे आकडे) संच निघाला, जुना, पावसाळी हवेत गंजलेला. वर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, नको तितकी जास्त. दुकानात नेऊन सेटअप करून घेतला, नऊ-बेचाळीसच्या, म्हणजे बारीक, तारा बसवल्या. बोटांचा अर्धा त्रास संपला. हे कुठला व्हिडिओ मला सांगणार होता? त्यांच्या गिटारी सगळ्या नीट लावलेल्या असतात.

पैसे भरण्याआधी मी आता काय बघेन, असं भाच्याच्या मित्राने विचारलं. त्याला म्हणालो, अनुक्रमणिका उघड आणि म्यूटिंग, म्हणजे नको त्या तारा गप्प बसवणं, कितव्या धड्याला येतं ते बघ. पहिल्या तीन महिन्यांत म्यूटिंग, पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवणं), बेंड यांचा पत्ताच नसेल तर तो ॲकूस्टिकचाच कोर्स आहे, फक्त शिकवणाऱ्याच्या हातात इलेक्ट्रिक आहे. व्हिडिओत उजवा हात जवळून दाखवतात का बघ, बरेच जण कॅमेरा फक्त डाव्या हातावर ठेवतात. आणि तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकून उत्तर देणारं माणूस आहे का, हे विचार. महिन्यातून एकदा देत असेल तरी चालेल. तेवढंही नसेल तर फुकटचं काय वाईट?

माझा सध्याचा खर्च असा: चाळीस मिनिटांच्या तासाला सातशे, महिन्याला चार तास. मधल्या दिवसांत एक मिनिटाची क्लिप व्हॉट्सॲपवर, तिला सर बोलून उत्तर देतात, कधी बुधवारी, कधी शनिवारी रात्री. ॲप बंद केलंय. जस्टिनचे ताल-कॉर्डचे धडे चालू आहेत, सरांनीच ठेवायला सांगितलेत. त्यांचं म्हणणं, जे तिथे फुकट आहे त्यासाठी माझा तास घालवू नका. स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडणारा असा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

अकरा महिन्यांत आलं किती? ए मध्ये बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा) ब्लूज न थांबता. दोन छोटे सोलो, त्यातला एक ठरलेल्या लयीच्या ऐंशी टक्क्यांवर. बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने अनेक तारा आडव्या दाबायच्या त्या, वाजतात, पण तिसऱ्या मिनिटाला अंगठा भरून येतो. भाचा येत्या दिवाळीत पुन्हा येणार आहे. गेनचं बटण या वेळी मीच फिरवून ठेवणार आहे, पण अर्ध्याच्या थोडं अलीकडे.