मेणवलीचा फडणीस वाडा : घाटासकट बघा

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, १८२८ च्या आगीत शनिवारवाडा गेला. वाईपासून तीनेक किलोमीटरवरचा नाना फडणवीसांचा हा सहा चौकी वाडा मात्र अजून उभा आहे. भित्तिचित्रं पाहायची तर भर उन्हाच्या वेळी जा, जुन्या वाड्यांच्या खोल्या अंधाऱ्याच. चित्रांचा खरा शत्रू ओल. चुन्याची भिंत ती हळूहळू बाहेर टाकते. वर सिमेंट थापलं की ओल आतच अडकते आणि रंगाचे पोपडे सुटतात. मागचा कृष्णेचा घाट चुकवणं म्हणजे अर्धा वाडा सोडणं. तिथली घंटा मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून जिंकून आणलेली. अंगावर बाळ येशूसह मेरी आणि १७०७ हा आकडा. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, गुळगुळीत तळाच्या चपला नकोत.