वृद्धाश्रम: काळजी घेतात, पण सांगत नाहीत
आईला न्यूमोनिया होऊन ७ आठवडे झाले. ताप केव्हाच उतरला, पण अजून पलंगापासून दारापर्यंत गेली तरी तिला धाप लागते. या वयात पूर्ववत व्हायला काही महिने लागू शकतात, हे डॉक्टरांकडून कळलं. इथून फोनवर फक्त ‘ठीक आहेत’. स्वच्छता चोख. रात्रपाळीच्या मावशी तर जीव लावणाऱ्या, घोट घोट पाणी पाजतात, उशा लावून बसवतात. पण फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदाच! झोपून झोपून पायांतली ताकद गेली, ती अशी परत कशी येणार? वजन ४ किलोंनी उतरलंय, तेही मी विचारल्यावर वही उघडली तेव्हा समजलं. पाचपैकी ३ तारे. मावशींना मात्र पाच.