पाच हजारांचा मारामारीचा गेम घ्यावा का? स्ट्रीट फायटर 6, अकरा महिन्यांनंतर

सुरुवातीलाच सांगते, मी हा गेम पूर्ण किमतीला घेतलेला नाही. 2024 च्या नोव्हेंबरातल्या सेलमध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात निम्म्या किमतीत, दोन हजारांच्या आसपास मिळाला. आता ऑक्टोबर संपत आलाय आणि खेळलेले तास 340 वर गेलेत. घर देवगड तालुक्यात, हापूसच्या बागेत. दिवसा कलमं, पेट्या आणि गिऱ्हाइकांचे फोन, रात्री दहानंतर गेम. ही पार्श्वभूमी सांगितली, कारण किमतीचा हिशेब माणूस कुठे आणि कुणाबरोबर खेळतो यावर फार अवलंबून आहे, आणि हे मला गेम घेण्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं.

मारामारीच्या गेमशी माझी ओळख कणकवलीची. एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. रुपयाचं नाणं टाकायचं आणि दांडी धरायची. सगळ्यात जास्त गर्दी ‘मुस्तफा’ला. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, 1993 चा, स्ट्रीट फायटर काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीचाच गेम, पण ते नाव आमच्यातल्या कुणाच्या तोंडी कधी नव्हतं. दुसऱ्या मशीनवर दोघं समोरासमोर लढायचे. हरला तो उठायचा, जिंकला तो बसून राहायचा आणि पुढचा आपलं नाणं टाकायचा. मुलींनी आत जायची रीत नव्हती. मी दादाची सायकल धरून दारात उभी राहायचे आणि तिथूनच सगळं पाहायचे. त्यामुळे एक गोष्ट तेव्हाच कळली होती: मशीन पार्लरवाल्याचं, पैसे हरणाऱ्याचे आणि मजा बघणाऱ्या सगळ्यांची. खर्च अख्ख्या गल्लीत वाटला जायचा. आज तोच खर्च एकट्या माणसाने एका रात्रीत करायचा असतो, म्हणून आकडा इतका बोचतो.

आकडा वाढलाय हे खरंच आहे. अमेरिकेत 2005 पासून मोठ्या गेमची किंमत 60 डॉलर होती. 2020 नंतर ती 70 झाली आणि 2025 मध्ये मारिओ कार्ट वर्ल्ड 80 डॉलरला आला. मारामारीच्या गेममध्ये स्ट्रीट फायटर 6 जून 2023 मध्ये 60 डॉलरला आला, मॉर्टल कॉम्बॅट 1 त्याच सप्टेंबरात 70 ला, टेक्केन 8 जानेवारी 2024 मध्ये 70 ला. आपल्याकडे नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एका खेळाक पाच हजार? तेवढ्यात कलमांका खत इला असता.” त्यांचं चूक नव्हतं. मी पण तोच हिशेब करून वर्षभर थांबले होते.

थांबताना निदान फुकटचा डेमो खेळून बघावा. यात ल्यूक आणि र्‍यू हे दोन खेळाडू, म्हणजे गेममधली लढणारी पात्रं, आहेत. आपलं मशीन गेम ओढतं का, हेही त्यात कळतं. कमीत कमी जीटीएक्स 1060 हे ग्राफिक्स कार्ड लागतं. माझं तेच आहे, जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं. चित्र थोडं साधं ठेवलं की लढत अडखळत नाही. डाउनलोड साठेक जीबीचं आहे. टेक्केन 8 ला शंभर जीबी जागा लागते. ज्याच्याकडे अजून मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर काम चालतं, त्याने गेमच्या किमतीत हेही धरावं.

आता खेळाविषयी. मी धालसिम निवडला. लांब हातांचा, तोंडातून आग काढणारा योगी. पहिल्या आठवड्यात सासूबाई मागून बघत होत्या. “ह्यो साधू कित्याक मारामारी करता गो?” मग बसल्याच. आता त्यांना कळतं की दूरचा ठोसा चुकला की मी मार खाणार. दशावतारात पात्र रंगमंचावर आलं की पहिल्या पावलालाच राजा की राक्षस ते समजतं ना, तशी इथे प्रत्येकाची चाल वेगळी आहे. सुरुवातीचे 18 खेळाडू, आणि एकही दुसऱ्याची नक्कल वाटत नाही. 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 मध्ये निवडायला आठच होते, हे लक्षात घेतलं तर 60 डॉलर म्हणजे सरळ लूट असं मला म्हणवत नाही.

शिकायची सोय हा या गेमचा सगळ्यात भक्कम भाग. सरावाच्या खोलीत पडद्यावर फ्रेमची पट्टी दिसते. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला 60 फ्रेम. जलदातला जलद ठोसा चार फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात. आपण मारून किती फ्रेम उघडे पडलो, समोरचा किती फ्रेम आधी मोकळा झाला, हे रंगांत दिसतं. पार्लरमध्ये असलं ज्ञान मोठ्या पोरांच्या डोक्यात असायचं आणि ते कुणाला सांगायचे नाहीत. मी पंधरा दिवस रोज अर्धा तास नुसती ही पट्टी बघत बसले. हरलेल्या लढतीची रेकॉर्डिंग लावून पुन्हा पुन्हा पाहिली. ऑनलाइन क्रमवारीतल्या सगळ्यात खालच्या वर्गापासून गोल्ड वर्गापर्यंत यायला मला आंब्याचा मोहोर येईपर्यंतचा वेळ लागला. ज्यांना बटणांच्या लांब जुळण्या जमत नाहीत, त्यांच्यासाठी ‘मॉडर्न’ पद्धत आहे. एका बटणावर खास डाव निघतो, पण मार 20 टक्के कमी बसतो. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, तो तसाच खेळतो आणि मला हरवतो. हा सौदा मला न्याय्य वाटतो.

फेब्रुवारी ते मे गेम जवळजवळ बंद. झाडावरून फळ उतरलं की ते थांबत नाही. यंदा तर 25 मेलाच मान्सून देवगडात पोचला, आणि शेवटची फळं पावसात काढताना गेम कुठे आठवणार. मग जून-जुलै. लाईट जायची, आली की पंधरा मिनिटांत परत जायची. वीज कडाडायला लागली की मी राउटरची वायरसुद्धा काढून ठेवायचे. चालू लढतीत लाईट गेली की लढत गेलीच. हा दोष गेमचा नाही. पण ऑनलाइन खेळासाठी पूर्ण किंमत देताना कोकणातल्या माणसाने वर्षातले दोन-तीन महिने असेच जाणार हे गृहीत धरावं. खाऱ्या हवेने माझ्या कंट्रोलरचं एक बटण जुलैत अडकायला लागलं. दुरुस्तीला साडेचारशे रुपये गेले. तेव्हापासून तो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवते. राउटरला छोटा बॅकअप घेतला आणि माजघरातून पडवीपर्यंत वायर ओढली. वायफायवर हा खेळ खेळू नये. समोरच्यालाही त्रास होतो.

नेट चांगलं असलं की मात्र हा गेम विलक्षण चालतो. यात रोलबॅक नावाची पद्धत आहे. समोरच्याने काय दाबलं हे यायला उशीर होणार असेल, तर गेम अंदाज करून पुढे जातो, आणि अंदाज चुकला तर दोन-चार फ्रेम मागे येऊन दुरुस्त करतो. आपल्या बोटांना उशीर जाणवत नाही. माझा भाऊ डोंबिवलीला असतो. इथून तिथलं अंतर सिग्नलला दोनेक फ्रेमचं पडतं. म्हणजे रोज रात्री तो माझ्या बाजूला बसलेला असतो, इतकंच.

किमतीबद्दल मला जे खरं बोलायचंय ते इथे आहे.

दादाने टेक्केन 8 आला त्याच आठवड्यात पूर्ण किमतीला घेतला होता. गेम चांगला आहे, 32 खेळाडू पहिल्या दिवसापासून आहेत, मी त्याच्या घरी दोनदा खेळले. पण तो दादाकडे पडून राहिला, कारण माझ्याकडे तो नव्हता. मारामारीचा गेम गोष्टीच्या गेमसारखा नाही. तिथे एकाने एक प्रत घेतली की काम झालं. इथे लांबच्या माणसाशी खेळायचं तर दोन प्रती लागतात. पाच हजारांचा गेम म्हणजे भावा-बहिणीला दहा हजार. दादाकडे प्लेस्टेशन हे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आहे, त्यावर ऑनलाइन खेळायला वर्षाची वेगळी वर्गणी भरावी लागते. माझ्या कॉम्प्युटरला ती लागत नाही. म्हणून आम्ही दोघांनी ठरवून, दोघांनी सेलची वाट बघून, स्ट्रीट फायटर 6 घेतला. प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटर एकमेकांशी खेळू शकतात, ही यातली मोठी सोय. त्याचा फोन येतो, “गो बाय, लाईट इली काय?” आणि आम्ही बसतो. लग्नानंतर बारा वर्षांत आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. 340 तासांतले निम्म्याहून जास्त त्याच्याबरोबरचे आहेत.

आता जे पटत नाही ते. पहिल्या किमतीनंतर पैसे मागणं थांबत नाही. पहिल्या वर्षी रशीद, ए.के.आय., एड, अकुमा. दुसऱ्या वर्षी बायसन, टेरी, माई, एलेना. तिसऱ्या वर्षाची सुरुवात ऑगस्टमध्ये सगटने झाली. हे सगळे वेगळे विकत घ्यायचे. गेमच्या आतली नाणी घ्यायची तर एक खेळाडू 350 नाण्यांना, पण नाण्यांचे गठ्ठे 250 आणि 610 चे. एकाला पुरत नाही, दुसऱ्यात उरतं. पार्लरवाल्याने रुपयाच्या खेळाला दीड रुपया मागितला असता तर पोरांनी त्याला सोडला नसता. 2023 मध्ये निन्जा टर्टल्सचे पोशाख आले, एकेक 750 नाण्यांचा, म्हणजे जवळपास 15 डॉलर. चारही घेतले तर अख्ख्या गेमची किंमत. तेही आपण तयार केलेल्या पात्रावर घालायचे, लढणाऱ्या खेळाडूंवर नाहीत. पोशाख सोडून देता येतात. खेळाडूंचं तसं नाही. अकुमा समोर आला आणि तो माझ्याकडे नसेल, तर सरावाच्या खोलीत त्याच्या डावांना उत्तर शोधायचं कसं? त्यासाठी भाड्याची तिकिटं मिळतात, तासाभरापुरता खेळाडू वापरून बघता येतो. तासात मी निदान एका डावाला उत्तर शोधते. पण जो पैसे भरतो त्याला अभ्यासाला जास्त वेळ मिळतो, ही गोष्ट मला कायम खुपेल. स्पर्धेच्या खेळात असं नसावं.

थांबणाऱ्याचा फायदा किती होतो तेही बघा. 2023 मध्ये 60 डॉलरला 18 खेळाडू होते. जून 2025 मध्ये निन्टेंडोच्या स्विच 2 या गेमच्या मशीनवर हाच गेम पहिल्या दोन वर्षांच्या आठ खेळाडूंसह आला, एकूण 26, आणि किंमत तीच 60 डॉलर. आधीच्या स्ट्रीट फायटर 5 चं तर याहून टोकाचं झालं. 2016 मध्ये तो 16 खेळाडूंचा आणि आर्केड मोडशिवाय, म्हणजे एकट्याने कॉम्प्युटरच्या खेळाडूंशी ओळीने लढायच्या सोयीशिवाय, निघाला. तो मोड 2018 मध्ये आला, आणि 2020 मध्ये 40 खेळाडूंची चॅम्पियन एडिशन 30 डॉलरला मिळू लागली. पहिल्या दिवशी घेणाऱ्यांनी पूर्ण पैसे देऊन अर्धा गेम घेतला होता. उलट एप्रिल 2025 च्या फेटल फ्युरी : सिटी ऑफ द वुल्व्हजने 60 डॉलरमध्येच पहिल्या वर्षाचे पाच खेळाडू दिले. असं करता येतं, हे त्यांनी दाखवलं. बाकीच्यांनीही करावं.

थांबण्यात एक तोटा आहे. पहिल्या महिन्यात सगळेच कच्चे असतात, हरायला लाज वाटत नाही. मी दीड वर्षाने आले तेव्हा खालच्या वर्गातही दुसऱ्या खात्यावर खेळणारी पक्की माणसं भेटली. पहिल्या 50 लढतींतल्या मी सहा जिंकल्या. दादा नसता तर तिथेच सोडलं असतं.

आणि गणपती. यंदा 27 ऑगस्टला चतुर्थी होती. घरात मुंबई-पुण्याची मिळून अकरा पोरं. रात्रीची आरती झाली, भजनवाले चहा घेऊन पुढच्या घरी गेले, की टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचा आणि दोन कंट्रोलर पुढे ठेवायचे. हरला तो उठला, पुढचा बसला. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप तोच नियम लागला. एक प्रत, अकरा माणसं, पाच रात्री. माझी पुतणी चुनली हा खेळाडू घेऊन सलग सात जणांना उठवून बसली होती आणि दारात उभं राहून बघायची पाळी या वेळी कुणावर आली नाही. त्या पाच रात्रींना मी पूर्ण किंमतसुद्धा दिली असती.

म्हणून कुणी विचारलं तर मी आधी विचारते, तुझ्याबरोबर कोण खेळणार? कुणी ठरलेलं असेल, तर सेलमध्ये दोघांनी एकदम घ्या. एकटंच खेळायचं असेल तर पाच हजार देऊ नका, डेमोवर महिना काढा. घरात माणसं जमत असतील तर एक प्रत आणि दुसरा चांगला कंट्रोलर घ्या. नवे खेळाडू एकेक करून घेऊ नका, वर्षाच्या संचाची किंमत उतरेपर्यंत थांबा. मी पहिल्या वर्षाचा संच मार्चमध्ये सवलतीत घेतला, दुसरा अजून नाही.

सगट दादाला हवाय. पार्लरमधल्या जुन्या स्ट्रीट फायटरमध्ये दादा नेहमी सगटच्याच हातून हरायचा. शिमग्याला तो गावी येणार आहे, तोपर्यंत मी भाड्याच्या तिकिटांवर सगटविरुद्ध धालसिमचा अंतर राखण्याचा सराव चालू ठेवलाय.