पर्यावरणाचा तास आणि मोफत ऑनलाइन साधनं: वर्षभराच्या वापरानंतर

नववी-दहावीला 'जलसुरक्षा', अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा'. या विषयांसाठी मोफत साधनांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. एका तासात, एका प्रोजेक्टरवर आणि मध्येच गायब होणाऱ्या नेटवर त्यातलं काय चालतं, ते मात्र यादीत नसतं. कोल्हापुरात वर्षभर वापरल्यावर आमचं मत पक्कं झालं आहे: ज्या साधनात रंकाळा तलाव, पंचगंगा नदी, शिरोळ तालुका असं जवळचं काही दिसतं आणि दिसलेलं मुलांना जागेवर जाऊन पडताळता येतं, तेच साधन वर्गात टिकतं. बाकीची पहिल्या आठवड्यानंतर कुणी उघडत नाही.

पहिला नंबर कोपर्निकस ब्राउझरचा. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं इथे मोफत दिसतात आणि नुसतं बघायला खातं काढावं लागत नाही. पुराचा धडा यावर जितका उतरतो तितका कुठल्याही व्हिडिओवर उतरत नाही. ऑगस्ट 2019 घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आणि त्या महिन्यात पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. मुलं आधी सेंटिनेल-2 (साध्या कॅमेऱ्यासारखी चित्रं घेणारा उपग्रह) उघडतात आणि पडद्यावर पांढरे ढग सोडून काही दिसत नाही. हे मुद्दाम होऊ द्यावं. मग सेंटिनेल-1 निवडायचा, 'व्हीव्ही' हा पर्याय घ्यायचा आणि त्याच दिवसांतली तारीख टाकायची. हा उपग्रह रडार लहरी सोडतो, त्या ढगातून पार होतात. संथ पाण्यावर पडलेली लहर आरशासारखी पलीकडे परावर्तित होते, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. शेजारी मे महिन्याचं चित्र ठेवलं की प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत नदी किती पसरली ते शेवटच्या बाकावरूनही दिसतं.

इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. उजळाईवाडीची धावपट्टी आणि पन्हाळ्याकडच्या तीव्र उतारांच्या सावल्याही काळ्याच दिसतात. त्यावर साधा नियम लावावा: मे महिन्यातही जे काळं आहे, ते पुराचं पाणी नव्हे. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. ऑगस्टमध्ये ऊस पुरुषभर उंच असतो. त्यात शिरलेलं पाणी काळं दिसत नाही, कारण या लहरी दाट पाल्यातच अडतात. म्हणजे चित्रातला पूर प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. शिरोळ तालुक्यातल्या मुलांना हे लगेच पटतं, कारण पाणी कुठल्या रानात होतं ते त्यांच्या घरी सगळ्यांना ठाऊक असतं.

याच ब्राउझरमध्ये केंदाळाचाही, म्हणजे जलपर्णीचाही, अभ्यास होतो. पावसाळा संपल्यावर आकाश निरभ्र असलेली सेंटिनेल-2 ची तारीख घ्या आणि 'एनडीव्हीआय' (हिरवाईचा निर्देशांक) हा थर लावा. जवळच्या अवरक्त आणि तांबड्या प्रकाशाची वजाबाकी भागिले बेरीज, एवढंच ते सूत्र. फळ्यावर दोन आकडे मांडून मुलांकडून करून घ्यावं. स्वच्छ पाण्याला उत्तर बहुधा ऋण येतं, हिरव्या पानांना 0.5 च्या पुढे. नदीच्या मधोमध हिरवा पट्टा दिसला, तर तिथे केंदाळ साचलं असण्याची शक्यता मोठी. पण चित्रातला एक चौकोन (पिक्सेल) 10 मीटरचा असतो, त्यामुळे काठावरच्या चौकोनात पाणी आणि झाडी दोन्ही मिसळतात. काठाचा एक चौकोन हिशेबातून सोडावा. तळ्यात शेवाळ फार झालं तरी आकडा धन येतो. म्हणून घाटावर जाऊन बघितल्याशिवाय वहीत 'केंदाळ' असं लिहू देऊ नये.

फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, कोलोरॅडो विद्यापीठाची. बरीचशी मराठीतही आहेत. 'रेणू आणि प्रकाश' हे एकच नीट शिकवलं तरी उत्तरपत्रिकेतली सर्वांत जुनी गल्लत सुटते, ती म्हणजे ओझोनला भोक पडल्यामुळे तापमान वाढतं ही. नायट्रोजन आणि ऑक्सिजनवर अवरक्त प्रकाश सोडा: काही होत नाही. कार्बन डायऑक्साइडवर सोडा: रेणू थरथरतो आणि तो फोटॉन कुठल्याही दिशेला परत फेकतो. आता ओझोनवर अतिनील सोडा: रेणू तुटतो. वायू वेगळा, प्रकाश वेगळा, परिणाम वेगळा. हे मुलांनी स्वतःच्या हाताने करावं, शिक्षकांनी दाखवण्यात निम्मा फायदा जातो. नेटवर विसंबू नये. प्रत्येक सिम्युलेशनची एचटीएमएल फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येते. मोबाइलवर फाइल नुसती टिचकी मारून उघडली तर कधीकधी साध्या व्ह्यूअरमध्ये जाते आणि पडदा कोरा राहतो. तिथे 'ओपन विथ' करून क्रोम निवडावं.

हवेच्या धड्यात मात्र आधी खबरदारी हवी. 'आजचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बघा' म्हटलं की प्रत्येक मोबाइलवर वेगळा आकडा निघतो आणि तास त्यातच जातो. कारण काही ॲप भारतीय मोजपट्टी लावतात, काही अमेरिकन. पीएम 2.5, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण, हवेत दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांक 100, म्हणजे 'समाधानकारक'. तोच अमेरिकन पट्टीवर 150 च्या वर जाऊन आरोग्याला अपायकारक ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप एकच ठरवून घ्यावं.

फोटो टाकून झाडं-प्राणी ओळखायचं आणि नोंदवायचं आयनॅचरलिस्ट ॲप चांगलं आहे, पण बागेतली जास्वंद आणि कुंडीतली तुळस टाकून मुलं नोंदी भरतात. लावलेल्या झाडाला 'कल्टिव्हेटेड' ही खूण करायला पहिल्याच दिवशी शिकवावं. प्रत्येक झाडाचे चार फोटो: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, फूल किंवा फळ. एका पानाच्या फोटोवर ॲप जे नाव सुचवतं, ते पुष्कळदा परदेशातल्या प्रजातीचं असतं. घराजवळची नोंद असेल तर ठिकाण 'ऑब्स्क्युअर्ड' (नेमकी जागा झाकलेलं) ठेवा. लहान वर्गांना त्याच संस्थेचं 'सीक' पुरे, त्याला खातं लागत नाही.

शासनाच्या दीक्षा पोर्टलवरचे आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ उजळणीपुरते ठीक. संज्ञा अडली तर मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ जास्त भरवशाचं.

राहिलं गूगल अर्थ प्रो, संगणकावर मोफत. कणकवलीपासून दाजीपूरवरून कोल्हापूर ते शिरोळ अशी रेघ ओढा आणि 'शो एलिव्हेशन प्रोफाइल' दाबा. पश्चिमेकडून एकदम चढणारा घाट आणि पूर्वेकडे मंद उतरत जाणारं पठार समोर येतं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळकडे पाचशेच्या आसपास असं का, ते मग सांगावं लागत नाही. एवढं बघा, की ही आकृती उभ्या दिशेने ताणलेली असते आणि घाट भिंतीसारखा दिसतो. आलेखाच्या कागदावर उभं-आडवं एकाच प्रमाणात काढायला लावलं, की उंचीची रेघ जवळजवळ सपाट निघते.