जिग फिनिशिंग किट: पावडर घ्या, कानशी राहू द्या

जिग म्हणजे मासे धरायचा शिशाचं डोकं ओतलेला हुक, तो घरी साफ करून रंगवायचं ऑनलाईन ८४९ रुपयांचं किट आहे, दोन महिने वापरून झालं म्हणून लिहून राहिलो. डब्ब्यात काय काय आलं तर दहा बारीक कानशींचा सेट, एक छोटा निपर म्हणजे कापायची पकड, हुकच्या डोळ्यातला, म्हणजे दोरी ओवायच्या भोकातला, रंग काढायची सुई आणि पावडर पेंटच्या तीन डब्या, काळी पांढरी आणि पोपटी. फोटोत एकदम चकाचक जिग दाखवलेत, तसे होतात का? होतात, पण किटमधल्या अर्ध्याच सामानाने.

आधी सांगून देतो, मी काही मोठा अँगलर, म्हणजे गळाने मासे धरणारा, वगैरे नाही. रविवारी सकाळी कन्हान नदीवर जातो, मरळ लागली तर लागली, नाही तर डब्बा खाऊन परत. पण तिथल्या दगडात एका सकाळी चार-पाच जिग सहज जातात आणि दर वेळी दुकानातून नवे घ्यायचे म्हटलं की जीवावर येतं, म्हणून टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगची शिशाची जुनी वजनं आणतो आणि गच्चीवर वितळवून साच्यात ओततो. त्यात जस्ताची वजनं मिसळलेली असतात हे ध्यानात ठेवा, शिसं ३२७ डिग्रीला वितळतं आणि जस्ताला ४२० च्या आसपास लागते, म्हणजे आच बेताची ठेवली तर जस्त न वितळता वर तरंगतं, झाऱ्याने काढून फेकायचं. पाण्याचा एक थेंबही भांड्यात जाऊ देऊ नका, थेंबाची क्षणात वाफ होते आणि शिसं उडतं, पावसाळ्यात तर मी हे काम करतच नाही.

साच्यातून जिग निघतो तेव्हा तो काही देखणा नसतो राजेहो. ज्या तोंडातून शिसं ओतलं तिथे एक जाड दांडा चिकटलेला, आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे डोक्याभोवती कागदासारखा पापुद्रा. साफसफाई म्हणजे मुख्य हीच, दांडा काढणे आणि पापुद्रा काढणे.

दांड्यासाठी निपर. हा मला वाटला होता त्यापेक्षा चांगला निघाला, एक बाजू सपाट आहे, ती डोक्याला टेकवून दाबला की दांडा जवळजवळ साफ निघतो, इवलंसं टेंगूळ राहतं. आधी मी पकडीने पिळून तोडायचो तर कधी कधी डोक्यातलाच तुकडा उपटून यायचा आणि खड्डा पडायचा. फक्त त्याने हुकची तार कापायला जाऊ नका, मी गेलो, धारेला दात पडला, चूक माझीच.

आता कानशी. इथे मला विकणाऱ्याचा राग येतो कारण त्याने कधी शिसं घासून पाहिलंच नसावं. या बारीक दातांच्या कानशी कडक धातूसाठी असतात, शिसं मऊ, ते दातांत जाऊन बसतं. तिसऱ्या जिगपर्यंत माझी चपटी कानस आरशासारखी चमकून राहिली होती, दात सगळे भरलेले, घासायच्या ऐवजी नुसती घसरत होती. तारेच्या ब्रशने निघेना, पिनेने एक एक रेघ कोरत बसलो, दहा मिनिटं एका कानशीला! दहापैकी कामाची एकच, ती गोल, हुकच्या बुडाशी डोकं जिथे संपतं तिथे बोटही जात नाही तिथे ती जाते. बाकी नऊ काऊन दिल्या बे?

मग नागपूरच्या इतवारी बाजारात लोहा ओळीत गेलो आणि एकेरी दातांची, जरा भरड अशी साधी कानस घेतली. दुकानदार म्हणाला, ‘‘भाऊ, शिसं घासायचंय ना, मग आधी खडू घासा हिच्यावर.’’ पोराच्या पाटीचा खडू आडवा घासून दात भरून टाकले, मग शिसं आत चिकटत नाही, अधूनमधून ब्रश मारला की मोकळी. किटच्या माहितीपत्रकात हे एक वाक्य टाकलं असतं तर काय बिघडलं असतं.

आणि खरं सांगू का, पापुद्र्याला कानस लागतच नाही बहुतेक वेळा. जुना कटर ब्लेड घ्यायचा, पापुद्र्यावर जरा तिरपा धरायचा आणि आपल्याकडे न ओढता बाहेरच्या बाजूला खरवडत जायचं, पेन्सिल छिलल्यावर निघतं तसं चंदेरी वळवटं निघतं, धूळ होत नाही. धूळ होत नाही हेच महत्त्वाचं, कारण शरीरात शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नसतं आणि लहान पोरांना तर जास्तच त्रास. शेवटचा हात मारायचा तर वॉटर पेपर (घासायचा पॉलिश पेपर) ओला करून, कोरडा कधीच नाही. खाली पेपर अंथरायचा, तो गुंडाळून वेगळा ठेवायचा, हात साबणाने धुतल्याशिवाय चहालाही हात लावायचा नाही. किटच्या फोटोत तो माणूस उघड्या हाताने जिग घासून राहिला आणि बाजूला कॉफीचा मग, काय बोलावं.

जिग काळवंडले तर व्हिनेगरमध्ये टाका असं सांगणारेही भेटतात. नका टाकू बाप्पा, त्यातून लेड अ‍ॅसिटेट तयार होतं, पाण्यात विरघळतं आणि विषारी असतं. थिनरच्या फडक्याने पुसलं की बोटांचं तेल निघतं, रंगाला तेवढंच हवं असतं.

पावडर पेंट मात्र जम्मून आहे, पैसे तिथेच वसूल. हुक पकडीत धरायचा, हीट गनने फक्त डोकं तापवायचं आणि डबीतल्या पावडरमधून एक झटका देऊन काढायचं. पहिल्यांदा मी जास्त तापवलं तर पावडरचे गोळे जमले, भजं झालं नुसतं. दुसऱ्याला कमी तापवलं तर वरती दाणेदार खरबरीत, सहाव्या-सातव्याला हात बसला. डबी आधी चांगली हलवून पावडर मोकळी करून घ्या, बसलेल्या पावडरीत बुडवलं तर थर जाड बसतो. पोपटी रंग थेट शिशावर मारला तर मळका दिसतो, आधी पांढरा मग पोपटी. डोळ्यातला रंग गरम असतानाच सुईने काढायचा, थंड झाला की दगड, आणि मग काढायला गेलं की कडेचा रंगही निघतो.

यानंतर भाजणे, हे लोक टाळतात आणि मग रंग निघाला म्हणून बोंबलतात. १८० डिग्रीच्या आसपास वीस मिनिटं. घरच्या ओव्हनमध्ये करायचं नाही, बायकोने तसंही करू दिलं नसतं, जुन्या सामानवाल्याकडून एक छोटा ओटीजी आणला, त्याच्या पुढच्या काचेवर मार्करने लिहून ठेवलंय ‘खाण्याचं नाही’. भाजलेला जिग मी गच्चीच्या कठड्यावर आपटून पाहिला, रंगाला ओरखडा गेला पण टवका नाही उडाला. न भाजलेल्याचा टवका पहिल्याच आपटण्यात गेला.

कानशी परत करायचा प्रयत्न केला तर उत्तर आलं की किट उघडलं असल्यामुळे परत होणार नाही. न उघडता वापरून कसं पाहायचं ते नाही सांगितलं. तीन स्टार, दोन पावडरीचे आणि एक निपरचा. फक्त पावडर वेगळी मिळत असेल तर तीच घ्या, बाकी सगळं इतवारीत मिळतं.

आईने त्यातली त्रिकोणी कानस विळीला धार लावायला मागितली होती, शिसं लागलेली म्हणून दिली नाही, तर आता लोहा ओळीतून तिच्यासाठी वेगळी कानस आणावी लागली, ती या किटच्या खर्चातच धरा.