‘पॉवर आयसी’च्या नावाखाली गेलेले ४,२०० रुपये

मी सदाशिव पेठेत डबे करते. बहुतेक स्पर्धा परीक्षेची मुलं, दोन्ही वेळचे मिळून साठ-पासष्ट डबे. सगळा धंदा एका मोबाईलवर. रात्री उद्याचे मेसेज, सकाळी ‘काकू, आज भात जास्त’, महिनाअखेरीला त्याच मोबाईलवर पैसे. हा मोबाईल गेल्या श्रावणात आपोआप बंद-चालू व्हायला लागला. सोमवारी निम्म्या पोरांचा उपास असतो. कोणाला खिचडी आणि कोणाला पोळी-भाजी, ही यादी मोबाईलमध्ये, आणि मोबाईल कंपनीचा लोगो दाखवत बसलेला. त्या दिवशी तीन उपासवाल्यांना मी वांग्याची भाजी पाठवली.

आधी वाटलं, मोबाईल भरला असेल. माझे डबे पोचवणारा एक विद्यार्थी आहे, त्याने बसून साफसफाई केली. सुप्रभातची फुलं, व्हिडिओ, जुन्या मेन्यूचे फोटो असं बरंच उडवलं. अपडेट बाकी होतं ते केलं. मेमरी कार्ड काढून ठेवलं, कारण खराब कार्डानेही मोबाईल अडखळतो म्हणे. तरी तेच. मग त्याने सेफ मोड लावला. बंद करायचं बटण दाबलं की स्क्रीनवर ‘पॉवर ऑफ’ येतं, त्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच अँड्रॉइड मोबाईलमध्ये सेफ मोड विचारतो. त्यात आपण घेतलेली सगळी अ‍ॅप गप्प बसतात, फक्त कंपनीची चालतात. सेफ मोडमध्ये मोबाईल नीट चालला तर दोष एखाद्या अ‍ॅपचा. माझा तिथेही दोनदा बंद पडला. पोरगा म्हणाला, “काकू, अ‍ॅपचा प्रॉब्लेम नाही. हार्डवेअर आहे.”

हार्डवेअर म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच आलं, मशीन गेलं. खरं तर मोबाईल तोवर तीन-चार खुणा देऊन चुकला होता. ‘बंद करा, रीस्टार्ट करा’ ही पाटी कोणी हात न लावता स्क्रीनवर यायची, मी ती बोटाने घालवायचे. स्क्रीन मध्येच विझायची आणि लागायची. आणि एकदा मी पोळी उलटतेय तर ओट्यावरून बाईमाणसाचा आवाज, ११२ ला फोन लागलेला! मी घाबरून सॉरी म्हणून ठेवला. पोराने नंतर सांगितलं की २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये मदतीच्या फोनची सोय लागते, आणि स्मार्टफोनमध्ये पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबलं तरी तो लागू शकतो. मी काही दाबलं नव्हतं. तिथेच थांबून विचार करायला हवा होता, पण कुकरच्या शिट्ट्या मोजताना एवढा विचार होत नाही.

मोबाईल चौदा महिन्यांचा, म्हणजे वॉरंटी संपून दोन महिने झालेले. कंपनीच्या सेंटरवर तीन दिवस ठेवून घेतात आणि सगळा डेटा उडवतात असं कोणीतरी सांगितलं. तीन दिवस मोबाईल नाही म्हणजे तीन दिवस धंदा नाही. नेटवर शोधून कस्टमर केअरचा एक नंबर मिळाला, तर तिकडचा माणूस म्हणे, एक अ‍ॅप घ्या, मी तुमची स्क्रीन बघतो. पोराने माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला. त्या सापळ्यातून वाचले म्हणून मी स्वतःला हुशार समजले आणि दुपारी पेठेतल्याच एका दुकानाची पायरी चढले.

दुकान चकाचक होतं. काचेचं काउंटर, मागे सूक्ष्मदर्शक, भिंतीवर स्क्रूड्रायव्हरची रांग. मालकाने कव्हर काढलं, मोबाईल दोन्ही बाजूंनी फिरवला, एका वायरला लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, “ताई, पॉवर आयसी गेलीय. बोर्डात शॉर्टिंग आहे. आज नाही केलं तर बोर्ड डेड, डेटा पण जाणार.” बोर्ड म्हणजे मोबाईलचं मुख्य सर्किट, आणि पॉवर आयसी म्हणजे त्यावरची वीज वाटणारी चिप. हे सांगायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी म्हटलं, कंपनीत नेते. “न्या की. ते बोर्डच बदलतील, अकरा हजार.” मोबाईल घेतला होता चौदा हजारांना.

पाच हजार मागितले, मी ४,२०० वर आणले. आठशे रुपये कमी केले म्हणून मी खूश! लाज वाटते लिहायला. आयसी मुंबईहून मागवावी लागते असं त्याने सांगितलं होतं, आणि त्याच दिवशी साडेसातला मेसेज आला, ‘आयसी चेंज झाली, घेऊन जा’. दुपारी मागवलेली आयसी संध्याकाळी बसलीसुद्धा, हे माझ्या डोक्यात शिरायला पंधरा दिवस लागले. लॉक उघडायचा पॅटर्नही मी देऊन आले होते. त्याने तो कागदावर काढून मोबाईलच्या पाठीला चिकटवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. काही मोबाईलमध्ये दुरुस्तीला देताना लावायचा वेगळा मोड असतो, त्यात आपले फोटो आणि मेसेज झाकलेले राहतात, हे मला नंतर कळलं.

घेताना त्याने जे सांगितलं ते नीट वाचा. “सात दिवस टेस्टिंग वॉरंटी. आणि आठ दिवस कव्हर घालू नका, आयसी सेट होऊ दे.”

मी मान डोलावली. मला वाटलं, नवीन प्लास्टर ओलं ठेवतात तसं काहीतरी असेल. आठ दिवस मोबाईल सुतासारखा चालला. बॅटरी तेवढी दुपारी दोनपर्यंत निम्म्याच्या खाली जायला लागली. फोन करून विचारलं तर उत्तर तयार होतं, नवीन आयसी सुरुवातीला जास्त खाते. नवव्या दिवशी सकाळी मी कव्हर चढवलं. अकरा वाजता मोबाईल बंद-चालू. वॉरंटी दोन दिवसांपूर्वी संपलेली.

दुकानात गेले तर म्हणाला, आता सीपीयूचा, म्हणजे मुख्य चिपचा प्रॉब्लेम आहे, रिबॉलिंग करावं लागेल, म्हणजे ती काढून नव्या डाखाने परत बसवायची, अजून साडेतीन हजार. यावेळी मी मोबाईल उचलला आणि घरी आले. रागाने नाही, तेवढे पैसेच नव्हते.

तपकीर गल्लीच्या बाजूला एका बोळात लाकडी जिना चढून गेलं की एक वयस्कर गृहस्थ बसतात. पाटी नाही, काउंटर नाही, एक टेबल आणि भिंग. मुलांपैकी एकाने पत्ता दिला. त्यांनी मोबाईल चालू करायच्या आधी कडेच्या बटणावर भिंग धरलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, पोळ्या करता का?”

सुईच्या टोकाने त्यांनी बटणाच्या फटीतून मळकट, चिकट, वाळलेलं काहीतरी ओढून काढलं. कणीक. कणीक आणि तेल. मळत्या हाताने मी दिवसातून दहा वेळा मोबाईल उचलते, कडेच्या बटणावरच अंगठा पडतो. वर्षभर ते थर साचत गेले. त्यात जुलैत मी एक जाड, कडक कव्हर घेतलं होतं, त्याचं बटण बरोबर या अडकलेल्या बटणावर बसायचं. त्यांनी माझ्या देखत एक गंमत दाखवली. त्यांचा स्वतःचा धडधाकट मोबाईल घेतला, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, तो बंद होऊन पुन्हा चालू झाला. “मोबाईल अडकला तर सुटावा म्हणून कंपनीनेच ही सोय दिलेली असते. तुमच्या मोबाईलला वाटतंय कोणीतरी बटण दाबून धरलंय. तो बिचारा सांगितलेलं काम करतोय.”

मग ते आठ दिवस कव्हर न घालणं. म्हणजे त्या माणसाला बटण कळलं होतं! न कळता कोणी कव्हर काढून ठेवायला सांगत नाही. त्याच्या वॉरंटीचे सात दिवस आणि माझे बिनकव्हरचे आठ, हा हिशेब त्याने काउंटरवर उभं राहून केला होता. खरी चीड मला इथे आली.

मी सगळी कथा सांगितल्यावर गृहस्थांनी मोबाईल उघडून दाखवला. मागचं झाकण जेमतेम चिकटवलेलं होतं, नखाने निघालं. आत बोर्डावर पत्र्याची छोटी झाकणं असतात. माझ्या मोबाईलची पॉवर आयसी त्यातल्या एका झाकणाखाली आहे, आणि ती बदलायची तर ते झाकण गरम हवेने उचलावं लागतं. उचललं की डाखाचा रंग बदलतो, कडा वाकतात, काहीतरी खूण राहतेच. माझ्या बोर्डावरची सगळी झाकणं कंपनीतून आली तशी. आयसी बदललीच नव्हती. बदललं होतं ते दुसरंच. बॅटरीवर आकडा ५,००० चा, पण उत्पादनाची तारीख नाही, छपाई फिकट, आणि खाली कंपनीच्या पट्टीऐवजी साधी दुहेरी टेप. माझी चौदा महिन्यांची चांगली बॅटरी काढून घेऊन कॉपी घातली होती. मोबाईल आपल्या नजरेआड गेला की हे दहा मिनिटांचं काम.

बोर्डच बदलला नाही ना, ही भीती मला तिथल्या तिथे घालवता आली. *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे मोबाईलचा ओळख क्रमांक दिसतो, तो खोक्यावरच्याशी जुळला. इंग्रजीत KYM, मग जागा सोडून तो आकडा, असा मेसेज १४४२२ वर पाठवला तर मोबाईलची कंपनी आणि मॉडेलही येतं.

बटण काढून, ब्रशने आणि आयपीए नावाच्या स्पिरिटने धुऊन परत बसवायचे त्यांनी १५० रुपये घेतले. काम चालू असताना ते बोलत होते ते मी मन लावून ऐकलं. बॅटरी दमली असेल तर मोबाईल जोर लागला की मान टाकतो, म्हणजे कॅमेरा उघडला, फ्लॅश लावला, आणि तेसुद्धा वीस-तीस टक्के शिल्लक दिसत असताना. चार्जरला लावून ठेवला की मात्र बरा चालतो. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंग बंद आणि मोबाईल उशाखाली तर मुळीच नाही. तापून बंद पडत असेल तर गार झाल्यावर सुधारतो. बोर्ड खरंच गेला असेल तर बऱ्याचदा लोगोच्या पुढेच जात नाही. आणि माझ्यासारखं, कधीही, कसंही, पण हातात घेतल्यावर किंवा कव्हरात असताना जास्त, असं असेल तर आधी कव्हर काढून एक दिवस बघायचं. एक दिवस. फुकट.

त्यांना म्हटलं, हे लिहून द्या. “ताई, मला याच गल्ल्यांत बसायचंय,” म्हणाले. फोटो मात्र काढू दिले.

पैसे मागायला गेले तेव्हा दुकानदाराचं उत्तर मी आधीच ओळखलं होतं. तुम्ही बाहेर उघडलात, आता आमची जबाबदारी नाही. बिल म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर ‘रिपेअर ४,२००’ एवढंच, त्यावर ना जीएसटी नंबर ना आयएमईआय. माझ्याकडे जमेच्या बाजूला दोनच गोष्टी होत्या. पैसे मी ऑनलाइन दिले होते, त्यामुळे दुकानाच्या नावावर गेल्याची नोंद होती. आणि तो ‘आयसी चेंज झाली’चा मेसेज, त्याच्याच नंबरवरून. रोख दिले असते तर हे लिहायलाही बसले नसते.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, नंबर दिला. पण तिथून तडजोडीचा प्रयत्न होतो, जबरदस्ती होत नाही, आणि पेठेतला दुकानदार त्यांना कशाला दाद देतोय. मग डबेवाल्या पोरांतल्या एका लॉच्या मुलीने नोटीस लिहिली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, ही दोन वाक्यं तिने मुद्दाम ठळक केली. सोबत मेसेजचा आणि न उचललेल्या पत्र्यांचा फोटो. रजिस्टर पोस्टाने पाठवली. चौथ्या दिवशी फोन आला, “मावशी, एवढ्यासाठी कशाला.” तोपर्यंत मी ताई होते.

दोन हजार परत आले, हजार-हजार करून दोन वेळा. माझी बॅटरी “सापडत नाही”. आयोगात जायचा विचार अजून सोडलेला नाही, पण दसऱ्यापासून डबे वाढलेत आणि हेलपाटे घालायला वेळ कुठून आणू. वहीत हिशेब असा: ४,२०० गेले, २,००० आले, बटणाचे १५०, चांगली बॅटरी १,४५०. म्हणजे ३,८०० रुपये, चिमूटभर कणकेचे.

मोबाईल आता ओट्यावर नसतो, समोरच्या फळीवर असतो, जुन्या मऊ कव्हरात. दाराला पाटी लावलीय: ‘सकाळी ८ ते १० कणीक चालू असते. मेसेजला उत्तर मिळणार नाही. बेल एकदाच वाजवावी.’ मी मूळची बार्शीची. पोरं म्हणतात, काकू, आता खऱ्या पुणेकर झालात.