दुखतोय तो स्नायू की आतली नस? चोळत राहावं की तपासून घ्यावं

केळीचे घड वाहून खांदा धरला, कापूस वेचून कंबर धरली, तर रावेर-यावलपासून शहाद्यापर्यंत पहिला उपाय ठरलेला: तेल लावून रगडून घ्यायचं. बहुतेकदा त्यात काही चूकही नसतं. कामानं दुखावलेला स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकतो आणि मग उतरत जातो. उसण भरली तरी काही आठवड्यांत सुटते. महिना-दीड महिना चोळूनही दुखणं हलत नसेल, तेव्हा खरा प्रश्न पडतो.

स्नायूचं दुखणं बहुधा बोट ठेवून दाखवता येतं. तिथं दाबलं की दुखतं, तो स्नायू कामाला लावला की दुखतं, विसावा दिला की कमी होतं. नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं, दुखणं सांगताना माणूस हात फिरवत नेतो, ‘इथून असं खालपर्यंत’. जळजळ, मुंग्या, विजेसारखी चमक, कुठेतरी बधिरपणा. खोकलल्या-शिंकल्यावर कळ पायात उतरली, तर संशय कमरेच्या मणक्यांकडे जातो.

पण नस डिवचली गेली तरी दुखणं स्नायूतच जाणवतं, घोटाळा इथेच होतो. मानेतली नस दबली तर हाताला काही होण्याआधी पाठीच्या पात्याच्या कडेला दुखू शकतं. माणूस तिथं गाठ समजून चोळून घेतो, तासाभराचा आराम मिळतो, रात्री पुन्हा तेच. ठिबकची मुख्य नळी दबलेली असताना शेवटच्या खोडापाशी ड्रीपर साफ करत बसावं, तसं हे. मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर मान तपासायला हवी. अंगठा आणि शेजारची बोटं रात्री बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर नस बहुधा मनगटात दबलीय.

शेतातल्या बायांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी वेळा विचारली जाते. निंदणीला तासन् तास उकिडवं बसलं की गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूनं जाणारी नस दाबली जाते. नडगीच्या बाहेरून बधिर वाटतं, पाऊल वर उचलत नाही, चप्पल घासत चालते. कमरेत काहीच बिघडलेलं नसतं, आणि पोटरी कितीही चोळली तरी पाऊल उचलायला लागत नाही. उकिडवं बसणं लगेच थांबवून पाय दाखवायला हवा.

तपासून घ्यायचं ठरलं तर थेट एमआरआय, की आधी डॉक्टरांचा हात? माझं मत आधी हात. पाय सरळ वर उचलून पाहणं, गुडघ्या-घोट्यावर हातोडीचे ठोके, पायाच्या अंगठ्याची ताकद, एवढ्यावरून बरंच कळतं. एमआरआयमध्ये काही दुखत नसलेल्या माणसांच्याही मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या दिसतात: विशीत सुमारे 30 टक्के, ऐंशीत 84 टक्के. रिपोर्टमधला फुगवटा आणि तुमचं दुखणं जुळलं तरच त्याला अर्थ. सुयांची नसतपासणीही पहिल्या तीन आठवड्यांत फसवी निघू शकते. दोन्ही तळवे जळत असतील तर पैसे आधी साखर आणि बी-12 च्या तपासणीवर घालावेत.

‘नसेची गोळी’ म्हणून दिलं जाणारं प्रीगाबालिन 2017 मध्ये छापून आलेल्या चाचणीत सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या, दुखण्यावर औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. दुखलं की कुल्ल्यात इंजेक्शन घ्यायची सवय तर सोडाच. जागा चुकली तर सायटिकाच्याच नसेला इजा होते.

तेव्हा दुखणं एका जागी असेल आणि आठवड्यागणिक उतरत असेल, तर तेल-शेक चालू ठेवायला हरकत नाही. ते हातापायात उतरत असेल, मुंग्या असतील किंवा सहा आठवडे उलटले असतील, तर दाखवून घ्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ताकद कमी होत असेल तर सहा आठवडे थांबू नका. लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर त्याच रात्री निघा.

चकतीमुळे उठलेला सायटिका बहुतेकांचा काही आठवड्यांत ऑपरेशनविना उतरतो. तोवर खाटेला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहिलेलं बरं. मुंग्या किंवा अशक्तपणा असताना मात्र कुणाकडूनही मान कडकन मोडून घेऊ नका.